आवतन नको, सांगावा तरी धाडा

लग्न ठरलं की आमच्या बिलोलीकडे घरोघर आवतन जातं. पत्रिका, अक्षता आणि "सगळ्यांनी यायचं बरं का" हे वाक्य. गल्लीतलं एखादं घर चुकून राहिलं, तर वर्षभर बोलणं बंद होतं. आता त्याच लग्नाचं प्री-वेडिंग शूट बघा. त्याच गल्लीत, त्याच दारांसमोर सकाळी सहाला ड्रोन उडतो, रंगीत धुराचे डबे फुटतात, स्पीकरवर गाण्याचं एकच कडवं चौदा वेळा वाजतं. हे होणार आहे, असं त्या गल्लीतल्या एकाही घराला कुणी सांगितलेलं नसतं. पंगतीला बोलवताना जो शेजारी आठवतो, तो त्याच्याच दारात ट्रायपॉड लावताना आठवत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सिनेमा असो, मालिका, वेबसिरीज, शॉर्टफिल्म, प्री-वेडिंग किंवा पाच-सहा जणांची टीम घेऊन केलेली रील, ज्या शूटमध्ये शेजाऱ्याचा रस्ता, झोप, अंगण किंवा चेहरा वापरला जाणार आहे, ते शेजाऱ्याला आधी सांगूनच व्हायला हवं. हे कुणाच्या चांगुलपणावर सोडू नये. परवानगीच्या कागदावरची ती पहिली अट असावी. आणि जिथे कागदच लागत नाही, तिथे आपण ती स्वतःहून पाळावी.

कागदावर सगळे आहेत, शेजारी नाही

महाराष्ट्रात शूटिंगला काय काय लागतं ते बघू. सरकारी जागा हवी असेल तर महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. तिथे अर्ज करायचा, फी भरायची, संबंधित खात्यांची संमती मिळवायची. पुरातत्त्व खात्याची वास्तू असेल तर त्यांचा वेगळा कागद. खासगी वाडा किंवा शेत असेल तर मालकाशी करार. रस्ता अडणार असेल तर पोलीस आणि नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत. गावातल्या वजनदार माणसाला नारळ फोडायला बोलावतात, तो भाग कागदावर नसतो पण चुकत मात्र नाही.

या सगळ्या यादीत एक गोष्ट समान आहे. ज्याच्याकडे शिक्का आहे किंवा जो काम अडवू शकतो, त्याला आधी कळतं. ज्याच्या भिंतीला भिंत लागून आहे, ज्याच्या खिडकीत रात्री दीडला पांढरा झगझगीत दिवा येणार आहे, त्याच्याकडे शिक्का नसतो. म्हणून त्याला जनरेटरचा आवाज सुरू झाल्यावर कळतं.

वाड्यात शूट करायचं असेल तर मालकाला विचारतात, कपबशीतून चहा घेतात, भाड्याचा आकडा ठरवतात. वस्तीत शूट करायचं असेल तर थेट शिरतात. तिथे सगळं 'रिअल लोकेशन' असतं. दोरीवरचे कपडे, दारातली चूल, नागडं पोर, खाटेवरचा म्हातारा, हे सारं फुकटचं नेपथ्य. कुणाला विचारलं गेलं आणि कुणाला नाही, याची नोंद एखाद्या शूटपुरती केली, तर त्या गावाचा जातीचा आणि ऐपतीचा नकाशा तयार होईल.

एकाचं भाडं, चाळीस घरांचा खर्च

शूटिंगने गावाला पैसा मिळतो, हे खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. साताऱ्यातली वाई घ्या. शेजारच्या मेणवलीत 'स्वदेस'चं चित्रीकरण झालं, तो २००४ साली आला. त्याच्या आधीही आणि नंतरही कृष्णाकाठच्या या घाटांवर हिंदी-मराठी सिनेमांची रीघ राहिली. लोकेशन दाखवणारे, जेवण पुरवणारे, गर्दीत उभे राहणारे, गाड्या चालवणारे अशा कित्येकांचं पोट त्यावर भरतं. मराठवाड्याला असं काही मिळालं तर कुणाला नको आहे? होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आहेत, कंधारचा किल्ला आहे, मांजरेचं पात्र आहे, आमच्या बिलोलीतली जुनी दगडी मशीद आहे. कॅमेरा इथे यावा, जरूर यावा.

पण हिशेब नीट मांडू या. घराचं भाडं एका मालकाला मिळतं. त्या घराच्या आजूबाजूच्या चाळीस घरांना काय मिळतं? रस्ता बंद, म्हणून दवाखान्यात निघालेली ऑटो अर्धा किलोमीटर वळसा घालून जाते. पिठाची गिरणी दोन तास बंद ठेवायला सांगतात, कारण आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि लग्नसराईची शूटही त्याच दिवसांत. रात्रपाळीचा वॉचमन दिवसा झोपतो, त्याच्या उशाशी कुणीतरी "सायलेन्स!" म्हणून ओरडतं.

या 'सायलेन्स'चीच मला सगळ्यात जास्त गंमत वाटते. लोक आपापल्या घरात आहेत. कुकर लावलाय, लेकराला रागावतायत, म्हशीला हाक मारतायत. बाहेरून आलेला, गळ्यात वॉकीटॉकी अडकवलेला, वयाने विशीतला मुलगा त्यांना त्यांच्याच उंबऱ्यावर गप्प बसायला सांगतो. ती बाई काही क्षण खरंच गप्प बसते, कुकर बंद करते, पोराच्या तोंडावर हात ठेवते. तिला आदल्या दिवशी कुणी नुसतं म्हणालं असतं, "काकू, उद्या अकरा ते एक जरा आवाजाचं बघाल का, आमचं शूटिंग आहे," तर तिने स्वयंपाक दहालाच उरकला असता. वर चहाही पाजला असता.

शेताचंही तसंच. कॅमेऱ्याला जो सोनेरी उजेड लागतो, तो नेमका सुगीच्या दिवसांत पडतो. करडई पिवळी झाली, ज्वारी हुरड्यात आली, कापूस फुटला की बांधावर मोटारसायकली उभ्या राहतात. जोडपं मधोमध, फोटोग्राफर समोर, मदतनीस चारी बाजूंनी. एका चांगल्या फोटोसाठी चार ओळी आडव्या होतात. "दोन मिनिटांचं काम होतं, काका" असं नंतर सांगतात. काकांचं ते चार महिन्यांचं काम होतं.

कायदा अगदीच गप्प आहे असं नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ. पण हे नियम कामाला येतात ते त्रास सुरू झाल्यावर, आणि तेही कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढली तर. दोन दिवस आधीची एक चिठ्ठी त्या पायरीपर्यंत जायची वेळच येऊ देत नाही.

न्हाणीला छत नसतं

आता ड्रोनकडे येऊ. ड्रोन नियम २०२१ वाचलेत तर लक्षात येईल की ते आकाशाचे नियम आहेत. लाल, पिवळं, हिरवं अशी क्षेत्रं आहेत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन चालवायला परवानासुद्धा लागत नाही. विमानतळ, सीमा, लष्करी ठाणी यांचा विचार नियमांनी बारकाईने केला आहे. खाली कुणाचं अंगण आहे, हा प्रश्न त्यांना पडलेला नाही.

आमच्याकडच्या घरांची बांधणी ज्यांना माहीत आहे, त्यांना हा प्रश्न लगेच पडतो. खेड्यातल्या कितीतरी घरांची न्हाणी परसात असते. चार बाजूंनी पत्रा, तट्टी किंवा साडीचा आडोसा आणि वर आभाळ. आजवर ते पुरत होतं, कारण आभाळातून कुणी बघत नव्हतं. उन्हाळ्यात बायाबापड्या माळवदावर, गच्चीवर झोपतात. दुपारी तिथेच कुरडया-पापड घालताना पदर बाजूला टाकून मोकळ्या बसतात. चारी भिंतींच्या आत जेवढा मोकळेपणा मिळत नाही, तेवढा त्यांना वर मिळतो. ड्रोनवाल्याला त्यांच्यात काडीचाही रस नसेल, त्याला फक्त नवरा-नवरीचा 'टॉप अँगल' हवा असेल. पण खाली असलेल्या बाईला ते कसं कळणार? तिला फक्त घरघर ऐकू येते. ती अंगावर मिळेल ते ओढून घेते आणि तो ड्रोन जाईपर्यंत तशीच थांबते.

बाईचं असं खासगी क्षणांतलं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमताने सांगितलं. पण निकालाची प्रत हातात घेऊन कुणी न्हाणीत जात नाही. "उद्या सकाळी सात ते आठ या बाजूला ड्रोन उडणार आहे" एवढं आधी कळलं, तर ती बाई आंघोळ सहाला उरकेल. तिला हवाय तो हा एक तास. तो देणं पूर्णपणे शूट करणाऱ्याच्या हातात आहे.

चेहऱ्यांचा मामला याहून अवघड. कॅमेऱ्याच्या चौकटीत मागे जे चालत असतं, त्याला शूटवाले 'बॅकग्राउंड' म्हणतात. त्या बॅकग्राउंडमध्ये बसस्टँडवर मैत्रिणीच्या भावाशी बोलत उभी असलेली मुलगी असते. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी लपून राहिलेली बाई असते. आंतरजातीय लग्न करून दुसऱ्या तालुक्यात खोली घेतलेलं जोडपं असतं. रील दोन लाख लोक बघतात, त्यातले दोन ओळखीचे निघाले की पुरे. मुलीचं कॉलेज बंद व्हायला आमच्या भागात यापेक्षा मोठं कारण लागत नाही. आधी कळलं असतं तर ती त्या वेळी तिथे उभी राहिली नसती, किंवा "मला घेऊ नका" म्हणाली असती. तिला ती संधीच मिळाली नाही.

मराठवाडा आणि न सांगता आलेला कॅमेरा

हा प्रश्न मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांचा आहे, खेड्यात लोक उलट शूटिंग बघायला धावतात, असं म्हणणारे भेटतात. धावतात, खरं आहे. पण मराठवाड्याचा आणि कॅमेऱ्याचा संबंध कसा जुळला, ते जरा आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली आणि लातूर-धाराशिवमधली गावंच्या गावं कोसळली. कॅमेरे आले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. कॅमेरे आले. दर दुष्काळात तडे गेलेली जमीन, रिकामी घागर, आभाळाकडे बघणारा म्हातारा. दर आत्महत्येनंतर हार घातलेला फोटो आणि त्याच्याशेजारी बसवलेली विधवा. यातली बातमीदारी गरजेची होती. ती झाली नसती तर मदतही आली नसती. तरीही त्या फोटोंतल्या कितीजणांना, आपण कुठे आणि कशासाठी दिसणार आहोत, हे आधी सांगितलं गेलं?

त्यातून एक सवय पडली. घेणाऱ्याला विचारायची गरज वाटेना आणि ज्याचा फोटो निघतो त्याला हरकत घेता येते हे सुचेना. आज गावातलाच मुलगा शहरातून कॅमेरा शिकून येतो आणि तीच सवय घेऊन येतो. त्याच्याही फ्रेममध्ये आजी असते, सुरकुत्या असतात, चुलीचा धूर असतो. फरक इतकाच की ही आजी त्याच्या घरापासून चौथ्या घरात राहते. तिला नाव आहे, आणि ते त्याला माहीत आहे.

आधी सांगितलं नाही की नंतर काय होतं

गोव्याने हे धडे आपल्या आधी गिरवले. बार्देशमधलं पर्रा हे गाव माडांच्या दुतर्फा रांगांमधून जाणाऱ्या एका रस्त्यासाठी सिनेमामुळे प्रसिद्ध झालं. मग रोजची फोटोवाल्यांची झुंबड, मधोमध थांबलेल्या गाड्या, कचरा. शेवटी ग्रामपंचायतीने फोटो आणि शूटिंगसाठी १०० ते ५०० रुपयांचा 'स्वच्छता कर' लावला. जानेवारी २०२० मध्ये त्याचा व्हिडिओ फिरला, गावावर टीकेची झोड उठली आणि तो कर मागे घ्यावा लागला. ज्यांच्या गावाचा रस्ता न विचारता पोस्टर झाला, तेच लोभी ठरले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तर गोव्यातल्या नेरूळमध्ये एका हिंदी सिनेमाच्या युनिटने वापरलेले पीपीई किट आणि कचरा उघड्यावर टाकलेला सापडला. कोरोनाचे दिवस होते. माफीची मागणी झाली, नोटिसा निघाल्या. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं, तेव्हा मालिकांची युनिट्स गोव्यात उतरली. गोव्यातही रुग्ण वाढत होते. आपल्या शहरात बाहेरून शेकडो माणसं येऊन काम करत आहेत, हे लोकांना टीव्हीवरून कळत होतं. मेच्या सुरुवातीला मडगावच्या रवींद्र भवनात एका मराठी गाण्याच्या कार्यक्रमाचं शूट चालू असताना आमदार विजय सरदेसाई कार्यकर्त्यांसह आत शिरले आणि शूट थांबलं. लगोलग राज्यातल्या सगळ्या शूटिंगच्या परवानग्या रद्द झाल्या. परवानगीचा कागद होता. शेजाऱ्यांचा विश्वास नव्हता, आणि कागद त्याची जागा घेऊ शकला नाही.

सांगणं शूटपुरतं संपत नाही, हेही आपल्याकडे दिसलं. २०१६ मध्ये 'सैराट' आला आणि करमाळा तालुक्यातल्या विहिरी, झाडं, रस्ते पर्यटनस्थळं झाली. त्याच वर्षी 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीचा वाडा बघायला गाड्या येऊ लागल्या. काहींना यातून दोन पैसे मिळाले, काहींचा निवांतपणा गेला. "तुमचं घर पडद्यावर दिसेल, लोक शोधत येतील, चालेल का?" हा प्रश्न शूटच्या आधीच विचारायचा असतो. नंतर विचारून उपयोग नाही.

जगातही हेच चाललं आहे. पॅरिसमधल्या क्रेमिओ नावाच्या रंगीत गल्लीतले रहिवासी इन्स्टाग्रामवाल्यांना इतके कंटाळले की २०१९ मध्ये त्यांनी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी गल्लीला फाटक लावा, अशी मागणी केली. याउलट लॉस एंजेलिस बघा. सिनेमावर जगणारं हे शहर. तिथे परवानग्या सांभाळणारी फिल्मएलए ही संस्था शूटच्या आधी लोकेशनच्या ५०० फूट परिसरातल्या घरांना आणि दुकानांना लेखी सूचना जाईल, हे बघते. रात्री-अपरात्री शूट करायचं असेल तर शेजाऱ्यांची मतं आधी गोळा करावी लागतात. तिथला सिनेमा यामुळे काही बुडाला नाही.

"पण सांगितलं तर शूटच होणार नाही"

या मागणीवरचे आक्षेप मला माहीत आहेत, आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप गर्दीचा. सांगितलं की अख्खं गाव जमतं. पण न सांगताही जमतंच, फरक असा की तेव्हा त्यांना कुठे उभं राहायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय सूचना लोकेशनच्या आजूबाजूच्या घरांना द्यायची आहे, हिरोचं नाव घालून पोस्टर लावायचं नाही. "शूटिंग आहे, इतके वाजता, इतका वेळ" एवढं पुरे.

दुसरा आक्षेप पैशाचा. शॉर्टफिल्म करणाऱ्या मुलांकडे चहाचे पैसे नसतात. मान्य. पण दहा दारं वाजवायला पैसे लागत नाहीत. एक संध्याकाळ लागते.

तिसरा सगळ्यात गंभीर. आधी सांगितलं की अडवणारे जागे होतात. कुणाच्या भावना दुखावतात, कुणी संघटनेचं नाव सांगून वर्गणी मागतो, कुणी कथा काय आहे ते आधी दाखवा म्हणतो. ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०१७ मध्ये पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर 'पद्मावती'चा सेट रात्रीतून जाळला गेला, तो महाराष्ट्रातच. दलित किंवा मुस्लीम मुलांनी आपल्या गोष्टी सांगायला कॅमेरा उचलला, तर त्यांना अडवणारे हात जास्त असतात, हेही खरं.

म्हणून इथे रेघ स्पष्ट ओढू या. सांगणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे. शेजाऱ्याला वेळ, रस्ता, आवाज, उजेड, धूर आणि ड्रोन यांची माहिती मिळण्याचा हक्क आहे. कथेचा, संवादांचा, नायिकेच्या आडनावाचा हक्क त्याला नाही. "मला फ्रेममध्ये घेऊ नका" असं तो म्हणू शकतो, "सिनेमा करू नका" असं म्हणू शकत नाही. शिवाय अडवणाऱ्याची ताकद कुठून येते ते बघा. आज फक्त त्यालाच आधी कळतं, कारण त्याला 'सांभाळावं' लागतं. गल्लीतल्या चाळीस घरांशी तुमचं थेट बोलणं झालेलं असेल, तर चौकातला एकटा दादा 'गावाच्या वतीने' बोलायला आला तरी त्याच्या मागे गाव नसतं.

चौथा आक्षेप पत्रकारांचा आणि माहितीपटवाल्यांचा. मांजरेतून रात्री वाळू कशी उपसली जाते, हे दाखवायचं असेल तर आधी दवंडी द्यायची का? अजिबात नाही. कॅमेरा सत्तेकडे, गुन्ह्याकडे, सार्वजनिक कारभाराकडे रोखलेला असेल तेव्हा न सांगता जाणं हेच काम आहे. मी बोलतोय ते दुसऱ्याचं घर आणि आयुष्य आपल्या गोष्टीची शोभा म्हणून वापरण्याबद्दल. दोन्हीतला फरक कॅमेरा धरणाऱ्याला पक्का माहीत असतो.

आणि प्रत्येक फोटोसाठी हे सगळं करा, असंही कुणी म्हणत नाही. गच्चीवर एकट्याने मोबाइल धरून केलेली रील, वाढदिवसाचा फोटो, चालता चालता टिपलेलं आभाळ, यांना कसलीही सूचना नको. टीम आली, लाइट आला, स्पीकर आला, ड्रोन आला किंवा रस्ता अडला की मात्र सांगायचं.

सांगावा कसा धाडायचा

हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. दवंडी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. आजही ग्रामसभेची सूचना आधी फलकावर लावायची आणि गावात द्यायची असते. पाणी कधी सुटणार, लसीकरण कुठे आहे, रेशन कधी येणार, हे स्पीकरवरून ऐकू येतं. जुन्या दवंडीचे गोडवे मात्र मी गाणार नाही. हलगी वाजवत फिरणारा बहुतेक वेळा महार-मांगाच्या घरातला असे, ते त्याच्यावर लादलेलं गावकीचं काम होतं, आणि ज्या चावडीचा निरोप तो सांगे तिथे त्याला बसायला जागा नव्हती. आपल्याला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे: निरोप प्रत्येक दारापर्यंत गेला पाहिजे. वस्तीतल्या दारापर्यंतसुद्धा, तिथे तर आधी.

दोन दिवस आधी जा, आणि आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा. दुपारी जाऊ नका, लोक शेतात असतात. दिवेलागणीला जा. टीममध्ये एखादी मुलगी असेल तर तिला बरोबर न्या, म्हणजे घरातल्या बायकाही दारात येऊन बोलतील. कागद द्या, पण कागदावर थांबू नका, तोंडाने सांगा. बिलोली, कुंडलवाडी, धर्माबाद, देगलूर हा सगळा सीमेचा पट्टा. एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत दखनी ऐकू येते. नुसत्या मराठीत छापलेली चिठ्ठी निम्म्या घरांसाठी कोरा कागद असू शकते.

काय सांगायचं? आम्ही कोण. किती जण येणार. कुठल्या दिवशी, किती ते किती. कुठला रस्ता किती वेळ बंद आणि कुणाला दवाखान्यात जायचं असेल तर काय. आवाज, धूर, खोटी मारामारी, पोलिसांचे कपडे घातलेले नट असं काही असेल तर ते ठळकपणे, कारण मिश्र वस्तीच्या गावात नकली तलवार बघून खरी पळापळ होऊ शकते. ड्रोन असेल तर नेमकी वेळ. हे कुठे दिसणार. आणि एक फोन नंबर, जो शूटच्या वेळीही उचलला जाईल. कुणी म्हणालं, "आमच्या घरी मयत झालीय, दहावं व्हायचंय" किंवा "पोरीची परीक्षा आहे", तर वेळ बदला किंवा गल्ली बदला. आणि नंतर कुणी म्हणालं की त्या व्हिडिओत मी दिसतेय, काढा, तर वाद न घालता काढा.

संस्थांकडूनही थोडं मागायला हवं. महामंडळाच्या अर्जात 'परिसरातील रहिवाशांना सूचना दिली' याचा एक रकाना आणि त्याचा पुरावा जोडायची अट घालायला नवा कायदा लागत नाही. बिलोलीसारख्या नगरपरिषदा आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती रस्ता वापरायला देताना घंटागाडीच्या स्पीकरवरून एक दिवस आधी सांगू शकतात. फोटो स्टुडिओवाले प्री-वेडिंगच्या पॅकेजमध्ये ड्रोन, ड्रेस, धूर सगळं मोजून लावतात. त्यात एक संध्याकाळ गल्लीत फिरण्याची धरली, तर पॅकेज महागणार नाही.

पण नियम येईपर्यंत थांबायचं कारण नाही. हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या हातात आत्ता कॅमेराच आहे. तुमच्यातला कुणी येत्या लग्नसराईत शूट करणार असेल, कुणाचं स्वतःचंच लग्न असेल. लोकेशन ठरलं की त्या गल्लीत संध्याकाळी एक फेरी मारा. पहिल्या दारात मावशी पायरीवर बसलेल्या असतील. थांबा आणि म्हणा, "मावशी, परवा सकाळी सात ते नऊ इथे आमचं शूटिंग आहे. थोडा आवाज होईल, वरून ड्रोन उडेल. तुम्हाला काही अडचण आहे का?" त्या काय म्हणतात ते ऐकून घ्या, आणि पुढच्या दाराकडे जा.